समुद्राच्या गाळातून आपला पाऊस कसा वाचतात?

२०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयोगी साठ्याच्या खाली, गेलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी अशी फुगली की माढा, मोहोळ, करमाळ्याकडची शिवारं पाण्याखाली गेली. दोन्ही वेळा पारावरच्या गप्पांचा सूर एकच होता : असं आधी कधी झालंच नव्हतं. मग कुणीतरी म्हातारं माणूस ७२ चा दुष्काळ काढतं आणि वाद तिथंच थांबतो, कारण त्यापलीकडचं आठवणारं कुणी उरलेलं नसतं.

कागद अजून थोडे मागे नेतात. हवामान खातं १८७५ साली सुरू झालं, आणि लगेच पुढच्या वर्षी दख्खनवर १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. त्याच्या आधीच, १८७१ मध्ये, हिप्परग्याचा एकरूख तलाव बांधून झाला होता. म्हणजे या भागाला पाणी पुरत नाही हे तेव्हाच्या इंग्रज इंजिनिअरलाही कळून चुकलं होतं. त्याहून मागं गेलं की मोजमाप संपतं आणि आठवणी उरतात : १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, मंगळवेढ्यात उपाशी लोकांसाठी सरकारी कोठारं उघडणारे दामाजीपंत. आणखी मागं? तिथं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

तरीही अधूनमधून बातमी येते, ‘चार हजार वर्षांपूर्वी मान्सून कमजोर पडला होता.’ वाचणाऱ्याच्या मनात साधा प्रश्न येतो : मोजला कुणी? पर्जन्यमापक कुठं होता?

पर्जन्यमापक नव्हता, पण समुद्राच्या तळाला गाळ साचत होता, आणि त्या गाळात रोज कोट्यवधी बारीक कवचं पडत होती.

ही कवचं कुणाची?

समुद्राच्या पाण्यात एकपेशीय जीवांची अफाट वस्ती असते. त्यातला आपल्या कामाचा गट म्हणजे फोरॅमिनिफेरा. अभ्यासक त्याला नुसतं ‘फोरॅम’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू. एकच पेशी, पण ती स्वतःभोवती चुन्याचं घर बांधते, आणि वाढेल तशा त्या घराला खोल्या जोडत जाते. बहुतेकांची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगत जगतात, काही तळाच्या चिखलात. जीव मेला की घर खाली बसतं, त्यावर गाळ साचतो आणि ते टिकून राहतं. अशा डोळ्यांना धड न दिसणाऱ्या अवशेषांना सूक्ष्मजीवाश्म म्हणतात.

फोरॅम एकटे नसतात. काचेच्या जातीच्या पदार्थाची, म्हणजे सिलिकाची, कवचं करणारे डायटम आणि रेडिओलॅरिया असतात. चुन्याच्या चकत्या अंगावर वागवणारी कोकोलिथोफोर नावाची वनस्पतीसारखी, पाण्यात तरंगत जगणारी प्लवकं असतात. जमिनीवरून वाऱ्याने आणि नद्यांनी आणलेले परागकणही गाळात सापडतात.

सगळे फोरॅम बारीकच असतात असं मात्र नाही. न्युम्युलाइट नावाचा जुना गट नाण्याएवढा मोठा व्हायचा. कच्छमध्ये त्यांचे खडकच्या खडक आहेत. इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडचा दगड त्यांनीच भरलेला आहे. ग्रीक प्रवासी स्ट्रॅबो तिथं गेला, तेव्हा दगडातून सुटून पडलेले हे चपटे गोळे म्हणजे मजुरांच्या जेवणातली उरलेली, दगड झालेली मसूर आहे असं त्याला सांगण्यात आलं. त्याने ते लिहून ठेवलं. गाईड लोकांची परंपरा जुनी आहे.

मंडई बघून महिना ओळखणं

समजा, एखाद्याला तारीख न सांगता सोलापूरच्या मंडईत आणून उभं केलं. हुरड्याची कणसं, बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे दिसले, तर तो पौष-माघाचा सुमार सांगेल. आंबे उतरणीला लागलेत आणि जांभळांच्या पाट्या आल्यात, तर ज्येष्ठ. त्याने कॅलेंडर पाहिलेलं नाही, थर्मामीटर लावलेला नाही. कोणता माल किती आलाय एवढंच पाहिलंय.

फोरॅमचा अभ्यास करणारे हेच करतात. काही जाती कोमट पाण्यात सुखी, काही थंड पाण्यात. काहींना खाणं भरपूर लागतं, काही अर्धपोटी जगतात. एका थरात कोणत्या जाती किती प्रमाणात आहेत हे मोजलं की त्या काळी वरचं पाणी कसं होतं याचा अंदाज बांधता येतो. मात्र आजची मंडई आधी पाठ असावी लागते. म्हणून १९७० च्या दशकात क्लायमॅप नावाच्या प्रकल्पात जगभरच्या समुद्रतळावरचा सगळ्यात वरचा, म्हणजे आजचा, गाळ तपासला गेला. कुठल्या तापमानाच्या पाण्याखाली कुठल्या जाती सापडतात हे त्यातून कळलं, आणि मग हिमयुगातल्या समुद्राचा नकाशा काढता आला.

यात खोटही आहे. केळी मंडईत बारा महिने असतात, त्यांच्यावरून महिना सांगता येत नाही. तशा कुठल्याही पाण्यात जगणाऱ्या जाती या कामाला निरुपयोगी.

आता आपल्या मुद्द्याची जात. तिचं नाव ग्लोबिजेरिना बुलॉइडिस. मूळची थंड प्रदेशातल्या पाण्यात रमणारी. अरबी समुद्रासारख्या उष्ण पाण्यात तिची एवढी गर्दी व्हायला नको, पण होते. ती ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत होते, आणि मुख्यतः पावसाळ्यात.

कारण असं. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे त्या किनाऱ्याला समांतर सुसाट वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात खतासारखी पोषणद्रव्यं असतात. प्लवकांची बेसुमार वाढ होते आणि त्यांच्यावर जगणारी ही जात फोफावते. वारा जोराचा, तर थंड पाणी जास्त. थंड पाणी जास्त, तर तिची कवचं जास्त. म्हणून ओमानजवळच्या गाळात या एका जातीची टक्केवारी वर-खाली होताना दिसली की ती वाऱ्याच्या जोराची खूण मानतात.

एक गोष्ट इथंच पक्की करून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरून होतो. फोरॅम पाऊस मोजत नाही. त्याला कोणतं पाणी मानवलं, एवढंच तो सांगतो. त्यावरून वारा आपण काढतो, आणि वाऱ्यावरून पाऊसही आपणच काढतो. अशा आडवळणाच्या पुराव्याला शास्त्रज्ञ ‘प्रॉक्सी’ म्हणतात. बातमीत या पायऱ्या गाळल्या जातात आणि ‘समुद्राच्या गाळातून पावसाची नोंद मिळाली’ असं छापून येतं.

कोर, चाळणी आणि ब्रश

गाळ मिळवायला जहाजावरून लांब पोकळ नळी तळात रुतवतात. वर येतो तो चिखलाचा दांडा, त्याला कोर म्हणतात. साध्या वजनाने रुतणाऱ्या नळीने काही मीटर गाळ मिळतो. ड्रिलिंगच्या जहाजाने शेकडो मीटर खाली जाता येतं. ओमानजवळचे प्रसिद्ध कोर १९८७ च्या मोहिमेतले. २०१५ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळाच्या लक्ष्मी नावाच्या खोऱ्यात अशीच मोठी मोहीम झाली. आपल्या देशात या कामाचं एक मोठं ठिकाण म्हणजे गोव्याजवळ दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

कोर उभा चिरतात. अर्धा जपून ठेवायचा, अर्ध्यातून ठरावीक अंतरावर चिमूट-चिमूट नमुना घ्यायचा. नमुना पाण्यात भिजवून ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या भागाएवढ्या भोकांच्या, चाळणीवर धुतात. राखाडी चिखल वाहून जातो आणि जाळीवर पांढुरका चुरा उरतो. तो ओव्हनमध्ये सुकवून काळ्या ताटलीत पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तेव्हा कळतं की चुरा वाटला ती सगळी घरं आहेत : एकाला एक चिकटलेल्या फुगीर खोल्या, मध्ये कमानीसारखं दार, भिंतीवर सुईने टोचल्यागत भोकं. मग तीन शून्य नंबरच्या ब्रशचं टोक पाण्यात बुडवायचं. ओल्या टोकाला कवच चिकटतं, ते चौकोन आखलेल्या पट्टीवर नेऊन ठेवायचं. श्वास जोरात सोडला तर ते उडून जातं. एका नमुन्यातली साधारण तीनशे कवचं ओळखून मोजायची, मग पुढचा नमुना. एका कोरमध्ये असे शेकडो नमुने असतात. या कामाचं कौतुक फारसं कुणी करत नाही. बातमीत येतो तो शेवटचा आलेख.

कवचातला ऑक्सिजन

जातींची मोजणी झाली की दुसरं काम सुरू होतं. कवच चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यात ऑक्सिजन असतो. निसर्गात बहुतेक ऑक्सिजन १६ वजनाचा, थोडासा १८ वजनाचा. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड प्रकारांना समस्थानिक म्हणतात.

वाफ होताना हलकं, म्हणजे १६ वजनाच्या ऑक्सिजनचं, पाणी आधी उडतं. हिमयुगात ती वाफ ध्रुवाकडे बर्फ होऊन पडली आणि तिथंच अडकली. हलकं पाणी बर्फात, म्हणून समुद्र जड, आणि त्या पाण्यातून घडलेली कवचंही जड. वीस हजार वर्षांपूर्वी एवढं पाणी बर्फात कोंडलं होतं की समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईचा किनारा तेव्हा पश्चिमेला फार दूर होता.

या पद्धतीची कल्पना हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडली आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ती खोल समुद्राच्या कोरला लावून दाखवली. एमिलियानींना वाटलं, आपण मुख्यतः तापमान मोजतोय. निक शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवलं की त्यातला मोठा वाटा बर्फाचा आहे. १९७६ मध्ये शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या कोरवरून सिद्ध केलं की हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांच्या तालावर येतात-जातात.

अडचण लक्षात आलीच असेल. एका आकड्यात तापमान, बर्फ आणि गोडं पाणी असे तिन्ही परिणाम मिसळलेले. नदीचं पाणी मिसळलं तरी कवच हलकं होतं, कारण पावसाचं पाणी हलकं असतं. ही गुंतवळ सोडवायला मॅग्नेशियम मदतीला येतं. पाणी गरम असेल तर कवचात मॅग्नेशियम जास्त शिरतं. त्यावरून तापमान वेगळं काढायचं आणि ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं. जगभरच्या बर्फाचा हिस्सा इतर कोरवरून माहीत असतो, तोही वजा करायचा. उरलं ते खारटपणाचं, म्हणजे नद्यांनी किती पाणी आणलं याचं.

हा मुद्दा सोलापूरकरांच्या जवळचा आहे. आपल्या जिल्ह्याचं पाणी भीमेला जातं, भीमा रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला की त्यातलं पाणी शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर पोचतं. म्हणून वाऱ्यासाठी पश्चिमेचा समुद्र वाचायचा आणि पावसासाठी पूर्वेचा.

पण वय कुणी ठरवलं?

हा सगळ्यात रास्त आक्षेप. पन्नासेक हजार वर्षांपर्यंत ठरावीक गतीने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन चालतो, कारण कवचातही कार्बन असतो. मात्र समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच थोडा शिळा असतो, सरासरी चारशे वर्षांचा. ती वजाबाकी केली नाही तर कालचं कवचही मोगलाईतलं ठरेल. त्याहून मागं जायला इतर खुणा. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख हिंदी महासागराच्या गाळात सापडते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले ते ७ लाख ८० हजार वर्षांच्या सुमारास, आणि गाळातल्या लोहकणांनी ती दिशा धरून ठेवलेली असते.

राखेवरून वाद होत नाहीत असं नाही. भीमेच्याच खोऱ्यात, कुकडीकाठच्या बोरीला अशा राखेचा थर आहे. तो ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा की त्याआधीच्या एखाद्या, यावर अभ्यासकांचं बराच काळ जमलेलं नाही.

दुसरी शंका : तळाचे किडे गाळ उकरत नाहीत का? उकरतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी शे-दोनशे वर्षांचा किंवा त्याहून जास्त काळ एकमेकांत मिसळतो, आणि एकेका वर्षाचा पाऊस शोधणं व्यर्थ ठरतं. अरबी समुद्र मात्र थोडा वेगळा आहे. साधारण दोनशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात तिथं ऑक्सिजन इतका कमी आहे की उकरणारे जीव फारसे टिकत नाहीत. काही ठिकाणी, उदाहरणार्थ पाकिस्तानच्या किनाऱ्याबाहेर, गाळाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या आहेत.

मग सापडलं काय?

ओमानच्या कोरमधून आलेलं मोठं चित्र असं : हिमयुगात मोसमी वारे दुबळे होते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ते जोरात आले, काही हजार वर्षं तसेच राहिले आणि मग हळूहळू मंदावले. कारण कक्षेत आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीत असते. तेव्हा ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असायची. आशियाची जमीन जास्त तापायची आणि समुद्रावरचा वारा जास्त ओढून घ्यायची. हे चक्र साधारण २३ हजार वर्षांचं. या उतारावर मध्येच छोटे खड्डेही आहेत. आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिक थंड पडला की इकडचे मोसमी वारेही ढिले पडत.

पूर्वेकडची गोष्ट मला जास्त आवडते. २००६ मध्ये गोदावरीच्या मुखाबाहेर एक कोर काढला गेला. मोहीम हवामानाची नव्हतीच, समुद्रतळाखालचा गोठलेला वायू शोधायची होती. त्या कोरमधली कवचं आणि झाडांच्या पानांवरचा मेणासारखा थर दोन्ही तपासली गेली. मेणातल्या कार्बनवरून कळतं की खोऱ्यात झाडी जास्त होती की कोरड्या भागातलं गवत. आपली ज्वारीही त्याच गवताच्या गटातली. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष असा की गेल्या चारेक हजार वर्षांत दख्खन कोरडं होत गेलं, आणि सतराशे वर्षांपूर्वीच्या सुमारास आणखी कोरडं झालं. पुढे त्याच कोरच्या अभ्यासातून दिसलं की त्याच काळात दख्खनच्या काळ्या मातीची धूप वाढली. पाऊस कमी होऊनही माती जास्त वाहिली, म्हणजे जमीन उघडी पडली होती. कोरडेपणाने की नांगराने, हा प्रश्न तिथं उभा राहतो, आणि अभ्यासकांचा कल यात माणसाचाही हात होता असं मानण्याकडे आहे.

भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तिथले शेतकरी बार्ली सोडून गुराढोरांवर आणि शिकारीवर जास्त जगू लागल्याचं दिसतं. उत्खनन करणाऱ्यांनी त्याचं कारण वाढता कोरडेपणा दिलं होतं. समुद्रातला कोर त्याला दुजोरा देतो असं म्हणता येईल, पण एका गावावर एवढं ओझं टाकताना हात जरा आखडता घ्यावा.

ओमानच्या वाऱ्याचा आणि बार्शीच्या पावसाचा काय संबंध?

आहे, पण वाटतो तेवढा सरळ नाही. आपण सह्याद्रीच्या पावसाच्या छायेत बसलेलो. नैऋत्य वारा जोरात असला तरी त्याचं पाणी महाबळेश्वरला उतरतं आणि आपल्याकडे नुसता भणाण वारा येतो. आपला भरवशाचा महिना सप्टेंबर, आणि त्यातला बराच पाऊस बंगालच्या उपसागरातून सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. तेव्हा ‘मान्सून बळकट होता’ हे वाक्य ओमानच्या कवचांवर उभं असेल, तर ते वाऱ्याबद्दल आहे असं समजावं. वारा आणि पाऊस एकाच वेळी शिखरावर पोचतात का, यावर शास्त्रज्ञांमध्येही खडाजंगी आहे. गुहांमधल्या चुनखडीच्या नोंदी आणि समुद्राच्या नोंदी सगळीकडे जुळत नाहीत.

म्हणूनच वेगळ्या वाटेने आलेल्या साक्षी महत्त्वाच्या. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेत चुनखडीचे थर वर्षानुवर्षं वाढत गेले आणि त्यांच्यात पावसाच्या पाण्याचा ऑक्सिजन राहिला. त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकात पाऊस दीर्घकाळ रोडावलेला दिसतो, आणि दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण नेमकी त्याच काळातली आहे. समुद्राच्या गाळाला एवढा बारीक काळ सहसा दिसत नाही, गुहेला दिसतो.

फोरॅम नुसते आहेत-नाहीत एवढ्यानेही कधी कधी काम होतं, कारण त्यांना खारं पाणी लागतं. गुजरातमधल्या लोथलच्या हडप्पाकालीन हौदाला गोदी म्हणायचं की पाण्याचा तलाव, हा जुना वाद. तिथल्या गाळात समुद्री फोरॅम सापडल्याचा दाखला फोरॅमचे अभ्यासक राजीव निगम यांनी गोदीच्या बाजूने दिला होता.

आपल्या काळ्या दगडाचा हिशेब

सोलापुरात कुठंही खणलं तरी समुद्राचा गाळ लागणार नाही. खाली बेसॉल्टच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तरीही या दगडाचं वय ठरवण्यात फोरॅमचा हात आहे. दख्खनचा लाव्हा वाहत थेट राजमुंद्रीपर्यंत गेला आणि तिथं समुद्राच्या गाळावर पसरला. तिथल्या दगडखाणींत लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेला तो गाळ उघडा पडला. त्यातल्या फोरॅमच्या जाती पाहून गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लिहिलं की लाव्ह्याचा मोठा टप्पा डायनोसॉर संपले त्या काळाच्या अगदी जवळ आटोपला. त्या विनाशात तरंगत्या फोरॅमच्या जातीही बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. दोष आपल्या लाव्ह्याचा की मेक्सिकोत पडलेल्या अशनीचा? बहुतेक अभ्यासक अशनीकडे बोट दाखवतात, केलर लाव्ह्याकडे.

‘हवामान तर पूर्वीपासून बदलतंच आलंय’

हे वाक्य आता हमखास येतं, आणि ते खरंही आहे. ते माहीत झालं तेच या कवचांमुळे. पण त्याच कवचांनी सांगितलेली पुढची गोष्ट अर्ध्यावर सोडून चालत नाही.

कवचातल्या बोरॉनवरून त्या काळच्या पाण्याची आम्लता, आणि तिच्यावरून हवेतला कार्बन डायऑक्साइड काढता येतो. कारखानदारीच्या आधी तो दहा लाखांत २८० भाग होता. आज ४२० च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेली गेल्या आठ लाख वर्षांची हवा ३०० च्या फार वर गेलेली नाही. आजच्याएवढा आकडा गाठायला बोरॉनवरून साधारण तीस लाख वर्षं मागं जावं लागतं. जुने बदल मुख्यतः हजारो वर्षांच्या चालीने झाले, हा दीड-दोनशे वर्षांत झालाय.

५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच कार्बन हवेत आला होता आणि पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली. त्याला काही हजार वर्षं लागली, तरी खोल तळावरच्या फोरॅमच्या तीस ते पन्नास टक्के जाती कायमच्या गेल्या.

पुढच्या वर्षी पाऊस पडेल का?

हे फोरॅम सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ऊस लावायचा की ज्वारी, याचं उत्तर गाळात नाही. उपयोग दुसरीकडे आहे. पुढच्या शंभर वर्षांच्या पावसाचं गणित संगणकावर मांडतात. तेच गणित आधी सहा हजार किंवा वीस हजार वर्षांपूर्वीच्या परिस्थितीवर चालवून पाहतात, आणि उत्तर कवचांशी जुळतं का ते तपासतात. जे जुळत नाही ते दुरुस्त करतात.

पैशाचा उपयोग म्हणाल तर तोही आहे. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत कोणता थर कोणत्या वयाचा हे ओळखायला तेल कंपन्या खोदकामातून आलेल्या चुऱ्यातले फोरॅमच बघतात. या शास्त्राला पैसा मुख्यतः तिथूनच मिळाला.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली

हे बघायला जहाज लागत नाही. सहल कोकणात गेली तर भरती-ओहोटीच्या रेषेवरची बारीक वाळू डबीत भरून आणावी. गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली आणि काळ्या कागदावर पसरली की कमी शक्तीच्या भिंगाखालीही गुंडाळलेली, खोल्याखोल्यांची कवचं दिसतात. लिंबाचा रस टाकून बघायचा मोह होतो. बुडबुडे येतात खरे, पण चुना विरघळून नमुना हातचा जातो.

सहल नसेल तर हिप्परग्याच्या तलावातल्या दगडावरचा निसरडा तपकिरी थर जुन्या टूथब्रशने खरवडून आणा. तो बहुतेक डायटमचा असतो. त्यांच्या नक्षीदार काचेच्या पेट्यांना मात्र शाळेतला चारशेपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागेल. पाण्यात सापडलेल्या मृतदेहाच्या तपासात, जीव पाण्यात गेला की आधीच, हे ठरवायला शरीरातले हेच डायटम शोधतात, ही माहिती मुलांना सांगायची की नाही ते मास्तरांनी ठरवावं.